तक्रारीचं खोकं आणि अंकुशी रुपया

परवा माझ्या भाच्यानं मोबाईलवरून एक जुनं नाणं मागवलं. पाकीट फोडून त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं आणि मी म्हटलं, "परत पाठव. ओतलेलं आहे." त्याचं तोंड पडलं. मग त्यानं मोबाईलवर कुठलंसं बटण दाबलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, की तुमची तक्रार मिळाली असून आम्ही तिची दखल घेत आहोत. "मावशी, पलीकडे कोण बसत असेल गं हे सगळं वाचायला?" त्यानं विचारलं. मला हसूच आवरेना. नव्वदच्या दशकात सांगलीत नऊ वर्षं त्या बटणाच्या पलीकडे मी बसले होते.

आमचं दुकान गणपती पेठेतल्या एका बोळात, माडीवर होतं. खाली हळदीचं गोदाम. त्यामुळे दुकानातली नाणी, पाकिटं, यादीचे कागद आणि माझ्या साड्या, सगळ्यांना एकच वास. मालक आप्पा. त्यांच्या भावांचा हळदीचा मोठा व्यापार, आणि आप्पांना वेड जुन्या नाण्यांचं. भाऊ म्हणायचे, सगळं जग चालणाऱ्या पैशामागं धावतं, आमचा आप्पा बंद पडलेल्या पैशामागं. आप्पा यावर फक्त हसायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला घरी निघून जायचे. तेवढ्या वेळात कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी ते मलाच बघावं लागे.

धंदा समजायला सोपा होता. दर दोन महिन्यांनी आम्ही एक यादी काढायचो. ठिकठिकाणच्या लोकांनी विकायला पाठवलेली नाणी, जुनी तिकिटं, बंद झालेल्या नोटा. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि एक ओळ वर्णन. एकच ओळ, कारण कागद महाग आहे असं आप्पांचं ठाम मत होतं. यादी बुकपोस्टानं आमच्या सभासदांच्या घरोघर जायची. ज्याला जे हवं त्यानं पोस्टकार्डावर क्रमांक आणि आपला भाव लिहून पाठवायचा, ज्याचा भाव वरचा त्याला वस्तू मिळायची. विकणारा कुठल्या गावचा, घेणारा कुठल्या, दोघांनी एकमेकांचं तोंड जन्मात बघितलेलं नसायचं. मधे आम्ही. वस्तू पटली नाही तर पंधरा दिवसांत परत करता यायची. आणि ती बनावट निघाली, तर विकणाऱ्याचं नाव-गाव यादीच्या शेवटच्या पानावर ‘सावधान’ अशा ठळक मथळ्याखाली छापायचं, असा आमचा नियम होता.

मी लागले टायपिस्ट म्हणून. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी बुटाचं एक रिकामं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मालतीबाई, तक्रारी आल्या की ह्यात टाकायच्या." मी विचारलं, "टाकल्यावर पुढं काय करायचं?" ते म्हणाले, "त्येच तर तुमी बघायचं." अशी माझी नेमणूक झाली. पगार टायपिस्टचाच राहिला.

मग मी शिकले. खोटं नाणं ओळखण्यात जादू काही नाही. जुन्या काळी, म्हणजे टाकसाळीत यंत्रं यायच्या आधी, रुपया हातानं पाडत. चांदीचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. तुकडा कधी एका बाजूला सरकलेला, कधी घाव तिरका. त्यामुळे त्या काळची दोन नाणी तंतोतंत सारखी कधीच नसतात. खोटं करणारा मात्र एका खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. मग कडेला साच्याची शिवण येते, ती कानशीनं घासली तरी भिंगातून दिसते. अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. एवढं कळायला मला वर्ष लागलं. आप्पांना चाळीस वर्षांनंतरही भिंग लागायचं, मला पुढं पुढं नुसतं बोट फिरवून कळे. हा माझा अहंकार. लक्षात ठेवा, तो पुढं उपयोगी पडणार आहे, आणि चांगल्या अर्थानं नव्हे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. शिराळ्याकडचा एक गडी फडक्यात बांधून तेवीस नाणी घेऊन आला. अंगावर माती, नाण्यांवर हिरवा गंज, सगळं कसं जागच्या जागी.

"नागपंचमीच्या आदी नाग हुडकाय गेल्तो बाई," तो सांगू लागला. "बीळ उकरलं आन् आत हंडाच लागला बगा."

"नाग होता का बिळात?"

"व्हता की! लय मोठा."

"मग त्यानं एवढं धन उचलू कसं दिलं?"

"आवं, आमच्या गावचा नाग हाय त्यो. कुनाला कायबी करत न्हाई."

मी तेवीस नाणी टेबलावर ओळीनं मांडली. तेविसांच्या तेवीस नाण्यांना उजव्या कडेला एकाच जागी एकसारखी खोक होती. "पाव्हणं," मी म्हटलं, "ही सगळी जुळी भावंडं दिसतात." गड्यानं एकदा नाण्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मोठ्यानं हसला. चहा घेतला, फडकं बांधलं आणि जिन्यावरून वळून म्हणाला, "तुमचा डोळा लय वाईट हाय बाई." माझ्या नोकरीतलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

दुसरा नमुना कोयनानगरच्या वसाहतीतले एक इंजिनिअर. त्यांना आम्ही ‘कोयनेचे साहेब’ म्हणायचो. ते दर यादीतलं काही ना काही घ्यायचे आणि प्रत्येक खरेदीनंतर त्यांचं कार्ड यायचं. "नाणे उत्तम आहे, परंतु पाकिटावरचे तिकीट तिरके चिकटवले आहे." किंवा, "नाणे आपल्या वर्णनाहून चांगले निघाले. वर्णन सुधारावे." एकदा कार्ड आलं, की आपण पाठवलेल्या नाण्याची काचेची चौकट फुटली आहे. मी पार्सलची पावती काढली, पोस्टात चौकशी केली आणि त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. उलट टपाली खुलासा आला. चौकट पोस्टात नव्हे, घरी फुटली होती. भूकंपाच्या धक्क्यानं कपाटावरून खाली आली होती. "भूकंपाची तक्रार कोणाकडे करावी हे समजेना," त्यांनी लिहिलं होतं, "म्हणून आपणास कळवले." मी कार्ड पाठवलं, "दखल घेतली आहे."

तिसरं गिऱ्हाईक साताऱ्याचे एक वकीलसाहेब. त्यांचं नाव सांगत नाही, घरात मुलंबाळं आहेत. मराठेशाहीच्या रुपयांचा त्यांचा संग्रह आमच्या सगळ्या सभासदांत मोठा होता. बोलणं गोड, अक्षर मोत्यासारखं. त्यांचं पत्र आलं की आप्पा ते उभं राहून वाचायचे.

एका यादीतला क्रमांक सतरा या वकीलसाहेबांनी घेतला. अंकुशी रुपया, म्हणजे अंकुशाचं चिन्ह असलेला, हातानं पाडलेला चांदीचा रुपया. विकणाऱ्या होत्या लोणंदच्या शेवंताबाई, बाजारात भाजी विकणाऱ्या. पत्र त्यांच्या वतीनं तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी लिहिलं होतं. मुलीला नर्सिंगला घालायचंय, म्हणून घरातलं एकुलतं एक जुनं नाणं विकायचंय, असं त्यात होतं. मी यादीत टाईप केलं, "अंकुशी रुपया, चांदी, झिजलेला, बरा." एवढंच. एक ओळ.

बाराव्या दिवशी वकीलसाहेबांचं पार्सल परत आलं. "क्रमांक सतरा बनावट आहे. विक्रेतीवर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी." मी नाणं काढलं, बोट फिरवलं. शिवण. भिंग लावलं. भोकं. शंकाच नव्हती, ओतीव माल होता. आप्पांनीही बघितला. वकीलसाहेबांचे पैसे परत गेले आणि पुढच्या यादीत ‘सावधान’च्या खाली शेवंताबाईंचं नाव गेलं. ते मी माझ्या हातानं टाईप केलं. टाईप करताना मला अगदी बरं वाटत होतं, हे आज सांगायला हवं.

महिन्याभरानं सकाळी दुकानाच्या जिन्यावर पावलं वाजली. पन्नाशीच्या एक बाई वर आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी आमची यादी काढली आणि शेवटचं पान माझ्यासमोर धरलं.

"ह्ये टायपिंग कुनी केलंय?"

"मी."

"मग तुमालाच इचारते. ह्ये माझं नाव हाय न्हवं?"

"हो."

"आन् वर काय लिवलंय?"

"सावधान."

"मास्तरांनी वाचून दावलं. आता सगळा बाजार मला दावतोय." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "पंचीस वरसं म्या बाजारात मापं करते बाई. कवा कुनी माझ्या तागडीखाली हात घालून बघितला न्हाई. आता गिऱ्हाईक वजनं उलटी करून बघतंय, खालनं पोकळ हायती का म्हून."

मी कपाटातून परत आलेलं नाणं काढून त्यांना दिलं. त्यांनी ते बघितलंच नाही. अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. "ह्यो माझा न्हाई."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. हे वाक्य आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"म्हनत असत्याल. माझ्याला कडी हुती. सासूच्या गळ्यात असायचा त्यो, दोऱ्यात. म्हातारी गेल्यावर सोनाराकडनं कडी काढली, तिचा फोड ऱ्हायला हुता, हितं." त्यांनी अंगठ्यानं तळहाताच्या मधोमध दाबून दाखवलं. "ह्याच्यावर कुठंय त्यो फोड?"

फोड नव्हता. मी आठवायचा प्रयत्न केला. त्या यादीत चाळीसेक नाणी होती. मास्तरांचं पत्र आठवलं, पाकिटाचा रंग आठवला, नाण्यावरचा फोड काही आठवेना. आणि एक ओळीच्या वर्णनात तो लिहिलेला नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आलेलं नाणं खोटं आहे हे मी तपासलं होतं. आम्ही पाठवलं तेच हे नाणं आहे का, हे मी तपासलंच नव्हतं. सगळा संशय विकणाऱ्यावर घ्यायचा अशीच आमची रीत होती. घेणारा खरं नाणं ठेवून खोटं परत पाठवेल, हे आमच्या नियमात बसतच नव्हतं.

पण शेवंताबाईंच्या शब्दाखेरीज पुरावा काय? मी सहज म्हणून विचारलं, "घरी कुठं ठेवायचात हो तो?"

"सासूच्या मेनाच्या डबीत."

तरुण वाचकांसाठी सांगते. पूर्वी बायका कपाळावर आधी बोटानं मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. त्या मेणाची पितळी किंवा लाकडी डबी घरोघर असे. "मालक गेल्यावं मला काय करायचंय मेन," शेवंताबाई म्हणाल्या. "डबीत रुपाया दाबला आन् फळीवं ठिवून दिली. धा वरसं हुती तशीच."

मी खुर्चीतून उठलेच. "शेवंताबाई, घरी गेलात की त्या डबीला हात लावू नका. उन्हात ठेवू नका. कुणाला देऊ नका. मी रविवारी येते."

आप्पांना हे सगळं पसंत नव्हतं. "वकीलसायेब असं करतील? काय बोलता काय बाई तुमी! दहा वर्साचं गिऱ्हाईक हाय." मी साताऱ्याला सभ्य शब्दांत एक चौकशीचं पत्र टाकलं. मोत्यासारख्या अक्षरात उत्तर आलं, की भाजीवाल्या बाईच्या सांगण्यावरून माझ्यासारख्या माणसाकडे विचारणा व्हावी याचा खेद वाटतो. आप्पांनी ते पत्र या खेपेला बसून वाचलं.

रविवारी मी पॅसेंजरनं लोणंद गाठलं. घर एका खोलीचं, झाडून लख्ख. शेवंताबाईंची मुलगी अभ्यासाची पुस्तकं बाजूला सारून आमच्याजवळ बसली. फळीवरून डबी खाली आली. पितळेची, झाकणावर वेलबुट्टी. नाणं विकायला काढताना शेवंताबाईंनी ते सुईनं उचकून काढलं होतं आणि आत न बघताच झाकण लावलं होतं. आताही त्यांनी झाकण काढलं आणि मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, बाईला नवरा आठवला असणार.

आत काळपट, कडक झालेलं मेण. आणि त्या मेणात रुपयाचा ठसा, काल दाबल्यासारखा. उलटी अक्षरं, आणि एका कडेला नखाएवढी कोरी चंद्रकोर, म्हणजे ठसा मारताना तुकडा सरकला होता ती जागा. आणि मधोमध एक छोटा खड्डा. नाण्यावर फोड, म्हणून मेणात खड्डा. मी पर्समधून ते परत आलेलं नाणं काढून डबीवर धरलं. ते मोठं होतं, ठशात उतरेचना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "तुझी आई खरी आहे, ते मला दिसलं." शेवंताबाई म्हणाल्या, "तुमाला आज दिसलं व्हय!"

एवढ्यानं भागणार नव्हतं. डबीवरून शेवंताबाईंचा रुपया कसा होता ते कळत होतं. तो वकीलसाहेबांकडे आहे हे कळत नव्हतं. पण संग्राहकांची जात मी ओळखून होते. एखादं चांगलं नाणं मिळालं की ते चार जाणकारांना दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात आमच्या सभासदांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि वकीलसाहेब मराठेशाहीचे रुपये मांडणार होते. मी आप्पांना म्हटलं, आपण शेवंताबाईंना घेऊन जायचं.

"आन् तिथं त्यो रुपाया नसंल तर? माझी काय शोभा हुईल?"

"नसला तर मी नोकरी सोडते. आणि तुम्ही नाही आलात तरी सोडते. मग खोकं तुम्ही सांभाळा."

आप्पांनी खोक्याकडे बघितलं. वर कोयनेच्या साहेबांचं नवं कार्ड दिसत होतं. "येतो," ते म्हणाले.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. हिरवी कापडं घातलेली टेबलं, त्यांवर काचेच्या झाकणाच्या पेट्या. आमच्या लोकांत एक संकेत आहे. पेटीतल्या नाण्याची एकच बाजू दिसते. कुणाला दुसरी बघायची असली तर त्यानं नुसतं म्हणायचं, "पालथं करा." बघणाऱ्यानं हात लावायचा नाही, पण मालकानं नाही म्हणायचं नाही. विचारणारा नवखा असो की जुना, नाणं उलटं करून दाखवायचंच. जो दाखवत नाही त्याच्या संग्रहाकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. गाडीत मी हा संकेत शेवंताबाईंना समजावून सांगितला होता. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "कुनीबी म्हनलं तरी चालतंय?"

वकीलसाहेबांच्या टेबलाशी गर्दी होती. शेवंताबाई एकेका पेटीवरून नजर फिरवत गेल्या, भाजीचा ढीग बघावा तशी, घाई न करता. चौथ्या पेटीशी थांबल्या. आत पाच रुपये मांडलेले. मधल्याखाली चिठ्ठी होती, "अंकुशी रुपया. साताऱ्याच्या एका जुन्या घराण्यातून."

"बाई, ह्योच."

"नक्की?" मी विचारलं.

"आवं, दोन येळा लेकरू न्हाऊ घातल्यावं आई इसरंल का? कडंला नखाएवढं कोरं हाय बगा, दोन्ही अंगानं." आणि मग भर बाजारात कमावलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "सायेब, ह्यो मधला पालथा करा की!"

वकीलसाहेबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मागं उभ्या आप्पांकडे. हसले. "बाई, ही भाजी नव्हे, चिवडून बघायला."

"न्हाई सायेब. भाजी असती तर तुमाला इचारलंबी नसतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. वकीलसाहेब पेटीला हात लावेनात. तेव्हा आमच्या सभासद मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त हेडमास्तर, पुढं आले आणि शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, बाईंनी मागणी केली आहे. दाखवा." सगळे सभासद टेबलाभोवती जमले होते. वकीलसाहेबांनी काच उचलली, चिमट्यानं रुपया धरला आणि पालथा केला.

मधोमध कडीचा फोड होता.

मी शेवंताबाईंच्या पिशवीतून मेणाची डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. काय झालं ते मी सगळ्यांना सांगितलं. मग संकेत मोडून आप्पांनी हात पुढं केला. वकीलसाहेबांच्या चिमट्यातून रुपया घेतला, डबीवर धरला, चंद्रकोर चंद्रकोरीशी जुळवली आणि अंगठ्यानं हलकेच दाबला. रुपया आत जाऊन बसला. आप्पांनी डबी उचलून सगळ्यांसमोर उलटी केली. रुपया पडला नाही.

"गडबडीत अदलाबदल झाली असेल," वकीलसाहेब म्हणाले.

आप्पा, जे त्यांचं पत्र उभं राहून वाचायचे, ते म्हणाले, "मग चिठ्ठीवर ‘जुन्या घराण्यातून’ बी गडबडीतच लिवलं काय?" आणि डबी तशीच, रुपयासकट, शेवंताबाईंच्या हातात ठेवली. पैसे तर वकीलसाहेबांनी केव्हाच परत घेतले होते. आमच्या हेडमास्तरांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. शेवंताबाईंनी डबी पदराखाली घेतली आणि पहिल्यांदाच खुर्ची मागून घेऊन बसल्या.

नंतर कळलं, की वकीलसाहेब स्वतःच दोन वर्षांपूर्वी परगावी तो खोटा रुपया घेऊन फसले होते. एवढ्या जाणत्या माणसानं फसलो असं सांगायचं कसं, म्हणून गप्प बसले आणि तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायची संधी शोधत राहिले. मला त्यांचा राग आला तसं वाईटही वाटलं. एक पोस्टकार्ड माझ्या खोक्यात टाकलं असतं तर काम झालं असतं. फसलेला माणूस गप्प बसतो आणि खोटं नाणं फिरत राहतं, हे मी नऊ वर्षांत पुष्कळ बघितलं. त्यांनी पुढं आमच्याकडून काही घेतलं नाही.

पुढच्या यादीसाठी मी माफीचा मजकूर तयार केला. "दिलगीर आहोत, गैरसमजातून..." असा. शेवंताबाई मुद्दाम पुन्हा सांगलीला आल्या, मला तो वाचायला लावला आणि मान हलवली. "ह्ये काय मला कळत न्हाई आन् बाजारालाबी कळायचं न्हाई. जेवढं मोठं ‘सावधान’ लिवलंतं, तेवढंच मोठं ‘खरं’ लिवा." आप्पांनी, कागद महाग म्हणणाऱ्या आप्पांनी, शेवटचं अख्खं पान दिलं. वर ठळक मथळा, ‘खरं’. खाली तीन वाक्यं: क्रमांक सतरा खरा होता. लोणंदच्या शेवंताबाई खऱ्या आहेत. चूक आमची होती. शेवंताबाईंनी जास्तीच्या प्रती मागून घेतल्या. मास्तरांनी आठवडी बाजारात उभं राहून ते पान मोठ्यानं वाचलं. एक प्रत त्यांच्या तागडीमागच्या बांबूला कित्येक महिने लटकत होती, असं ऐकलं.

दुकानातही बदल झाला. त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे ठसे मेणाच्या वड्यांत घ्यायचे आणि क्रमांक घालून ठेवायचे, असा नियम मी घातला. परत आलेलं नाणं आधी मेणात बसवून बघायचं, मग खऱ्याखोट्याचं बोलायचं. आणि विकणाऱ्याला विचारल्याशिवाय ‘सावधान’मध्ये कुणाचंही नाव छापायचं नाही. हळदीच्या वासात मेणाचा वास मिसळला. पहिल्या वर्षातच तीन अदलाबदली पकडल्या, तिन्ही वेळा विकणारा खरा निघाला. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला मेणाच्या वड्या दाखवायचे, जणू त्यांनीच शोध लावला. मी लावू दिला.

अंकुशी रुपया शेवंताबाईंनी पुन्हा यादीत दिला. "पोरीचं काम थांबलंय की," त्या म्हणाल्या. "आन् त्यो विकला गेला पायजे, त्याबिगर बाजाराची खातरी पटायची न्हाई." डबी मात्र द्यायला साफ नकार. या वेळी वर्णन चार ओळींचं केलं, फोडासकट. कार्डांचा नुसता पाऊस पडला. प्रदर्शनातली हकीकत सगळीकडे पसरली होती. सगळ्यात वरचा भाव कोयनेच्या साहेबांचा निघाला, पहिल्या खेपेच्या दुप्पट. पोरगी त्याच वर्षी नर्सिंगला गेली. पुढं साताऱ्यात तिनं नोकरी केली आणि माझ्या आजारपणात मला बघायलाही आली होती.

रुपया कोयनानगरला रवाना झाल्यावर मी आठवडाभर कार्डाची वाट बघत होते. तिकीट तिरकं लागलं असेल, पाकिटावर मोहोरेची लाख सांडली असेल, फोड वर्णनापेक्षा मोठा निघाला असेल, काहीतरी असणारच. कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, "तक्रार नाही."

ते कार्ड घेऊन मी खास लोणंदला गेले. बाजार भरात होता, शेवंताबाई माप करत होत्या. समोरचं गिऱ्हाईक वजनांकडे न बघता शेजारणीशी गप्पा मारत होतं.

"काय म्हनतोय त्यो कोयनेवाला?" त्यांनी तागडीवरची नजर न काढता विचारलं.

मी कार्ड वाचून दाखवलं.

शेवंताबाईंनी पारडं गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिकामं केलं, वर दोन मिरच्या टाकल्या आणि म्हणाल्या, "आसंलच कशी? माझा हाय त्यो."